स्पॅनिश नमस्कार: 'तू' कुणाला आणि 'उस्तेद' कुणाला?

खडीसाखर | सोमवार, रात्री १०:१२

तीन महिने झाले, शनिवार-रविवार स्पॅनिशच्या क्लासला जातेय. ऑफिसचं कोलंबियातल्या बोगोताच्या टीमबरोबर काम सुरू झालंय, म्हणून हा घाट घातला. पहिल्याच दिवशी बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, डावीकडे 'तू' आणि उजवीकडे 'उस्तेद'. म्हणाल्या, "इंग्रजी डोक्याच्या पोरांना हे समजवताना माझा घसा बसतो. तुम्ही मराठी. तू म्हणजे तू, उस्तेद म्हणजे तुम्ही. चला पुढे." आणि स्पॅनिश तू नि आपला तू उच्चारालाही अगदी एकच! मी खूश.

पाठ केलेलं असं:
ओला, कोमो एस्तास? (कसा/कशी आहेस?)
बुएनोस दीआस, कोमो एस्ता उस्तेद? (सुप्रभात, कसे/कशा आहात?)

गेल्या आठवड्यात पहिला व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या, फार मोकळ्या स्वभावाच्या. मी उत्साहात म्हटलं, "ओला, कोमो एस्तास?" त्या हसून म्हणाल्या, "मुय बिएन, ग्रासियास. इ उस्तेद?" (छान, धन्यवाद. आणि तुम्ही?) माझ्या पोटात गोळा. वाटलं, मोठ्या बाईंना अरेतुरे केलं आणि त्यांनी शालजोडीतला दिला. पुढचा अर्धा तास सगळं उस्तेदमध्ये ओढलं.

मग मध्येच त्यांच्या शाळकरी मुलाचा फोन आला. त्याच्याशीही उस्तेद! शेवटी कुत्रं मांडीवर चढायला लागलं, तर त्याला म्हणतात, "बाहेसे!" म्हणजे "खाली उतरा"! 'उतर' नव्हे, 'उतरा'.

आता मला सांगा, कुत्र्याला अहोजाहो करणाऱ्या माणसांना मी नमस्कार कसा करायचा?

---

रिकामटेकडा | सोमवार, रात्री १०:३१

मराठीत ओला म्हणजे भिजलेला. सुका नमस्कार कुठल्या देशात करतात? (दिवे घ्या)

---

पेठ_ते_वालेन्सिया | सोमवार, रात्री ११:०५

मी नऊ वर्षं स्पेनमध्ये आहे. तुमच्या बाईंनी शालजोडीतला वगैरे दिलेला नाही, निश्चिंत झोपा. पण कोलंबियाबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, कुणीतरी तिकडचं येईल. इथलं सांगतो.

स्पेनमध्ये 'तू' फार पसरलंय. दुकानातली मुलगी, बायकोची आई, मुलाच्या शाळेतले सर, ऑफिसचा साहेब, सगळे तू. उस्तेद राहिलंय ते वयस्कर अनोळखी माणसाला, पोलिसाला, कोर्टकचेरीत, डॉक्टरकडे (तेही डॉक्टर म्हातारे असतील तर). समोरच्या फ्लॅटमधले आजोबा ऐंशीचे आहेत. मी त्यांना उस्तेद म्हणायचो. एक दिवस लिफ्टपाशी थांबवून म्हणाले, "मला उस्तेद म्हणू नकोस रे, म्हातारा झाल्यासारखं वाटतं." ऐंशीच्या माणसाला 'तू' म्हणायला माझी जीभ वर्षभर अडखळत होती. आमच्याकडे वाड्यात शेजारच्या काकांना तू म्हटलं असतं तर घरी पाठीत धपाटा मिळाला असता.

ह्याला स्पॅनिशमध्ये चक्क क्रियापद आहे, 'तुतेआर'. म्हणजे आपलं अरेतुरे करणं. समोरच्याला "नोस तुतेआमोस?" विचारतात, म्हणजे "आपण अरेतुरेवर यायचं का?" आपल्याकडे ही परवानगी कुणी तोंडाने मागत नाही. मोठा माणूस म्हणतो "अरे, अहो काय करतोस मला", आणि झालं.

आता नमस्काराकडे. इथे शब्दांपेक्षा वेळ आणि जागा महत्त्वाची.

बुएनोस दीआस घड्याळाच्या बारापर्यंत नाही, दुपारच्या जेवणापर्यंत. आणि इथलं जेवण दोन वाजता. साडेबाराला बुएनास तार्देस म्हणालात तर एखादा हमखास म्हणेल, "अजून जेवलो कुठे?" तिथून पुढे अंधार पडेपर्यंत बुएनास तार्देस. उन्हाळ्यात रात्री नऊलाही ऊन असतं, त्यामुळे तेव्हाही तार्देस. मग बुएनास नोचेस. हे येताना आणि निघताना दोन्ही वेळा चालतं. आपण 'शुभरात्री' म्हणजे झोपायला निघालो असं धरतो, इथे रात्री दहाला हॉटेलात शिरताना वेटरला बुएनास नोचेस म्हणायचं. कंटाळा आला तर नुसतं "बुएनास!" दिवसभर चालतं.

जागेचं म्हणजे, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये शिरलात की बसलेल्या सगळ्यांना उद्देशून "बुएनोस दीआस". कुणी ओळखीचं नसलं तरी. लिफ्टमध्ये तेच. सगळे पुटपुटत उत्तर देतात आणि परत मोबाइलमध्ये डोकं घालतात. सुरुवातीला मी गप्प जाऊन बसायचो, आपल्याकडे बसतो तसा. नंतर कळलं की लोक मला शिष्ट समजत होते.

---

खडीसाखर | सोमवार, रात्री ११:२०

दवाखान्यातलं भारी आहे! आणि धन्यवाद. पण मग कॉलवरच्या माझ्या बाई कुठल्या रकान्यात बसतात?

---

अंदाजपंचे | मंगळवार, सकाळी ७:४८

आला कोलंबियावाला. पाच वर्षं बोगोतात काढली, आता नाशकात आहे.

खडीसाखर, तुमच्या क्लासच्या बाईंचं एक गृहीतक चुकलं. उस्तेद म्हणजे 'आदर' असं त्यांनी सांगितलं. बोगोता आणि आसपासच्या डोंगराळ भागात उस्तेद म्हणजे आदरही, परकेपणाही आणि जवळीकही. दोन जिवलग मित्र एकमेकांना उस्तेद म्हणतात. नवरा-बायको उस्तेद. आई मुलाला उस्तेद. आणि कुत्र्याला तर नक्कीच. ऑफिसातल्या माझ्या मित्राला मी पहिल्या महिन्यात 'तू' म्हणायला लागलो, तेव्हा तो जरा चमकला. नंतर दुसऱ्याने कानात सांगितलं की तिथे पुरुषांनी आपापसांत तू म्हणणं काहींना जरा लाडिक वाटतं.

तुम्हाला हे विचित्र वाटत असेल तर आजीकडे बघा. आजोबांना उभ्या जन्मात तिने 'अहो' म्हटलं. तो आदर होता की जवळीक? दोन्ही. आणि आई मात्र 'ए आई', बाबा 'अहो बाबा'. आईचा आदर कमी होता का? नाही ना. तसंच हे.

आणि एकच देश धरला तरी एकच नियम नाही. बोगोतातून विमानाने तासाभरात कार्तहेना. तिथल्या किनाऱ्यावर सगळे तू, पहिल्या भेटीपासून. मेदेयिनला गेलात तर 'बोस'. हे तिसरंच प्रकरण, त्याबद्दल कुणी सांगेलच.

आणि बोगोताच्या उत्तरेला बोयाका भागात चौथा प्रकार मिळतो, 'सुमेर्से'. भाजीवाली मावशी विचारते, "सुमेर्से, काय देऊ?" मूळ शब्द 'सु मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा'. दरबारी शब्द, पण आता इतका मऊ झालाय की त्यात 'बाळा, राजा' असं सगळं येतं. माझ्या घरमालकीणबाई मी तापाने पडलो असताना सूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या "सुमेर्से, तोमेसे ला सोपीता" (घ्या हो हे सूप). मला आईची आठवण आली.

तुमच्या बाईंनी "इ उस्तेद?" म्हटलं ते त्यांचं रोजचं बोलणं. तुम्ही तू म्हटलंत तेही त्यांना खटकलं नसणार, परदेशी माणसाचं सगळं माफ. पुढच्या वेळी ओळखदेख नसलेल्याला "बुएनोस दीआस, कोमो एस्ता?" म्हणा, उस्तेद शब्द न उच्चारता. क्रियापदातच 'आहात' आलंय. आणि कोलंबियात एवढ्यावर थांबत नाहीत. "कोमो एस्ता? कोमो ले वा? इ ला फामिलिया?" असे तीन-चार प्रश्न एका दमात येतात. उत्तराची वाट कुणी बघत नाही. आपलं "काय, कसं काय, बरंय ना, घरचे बरे?" तसंच.

---

मालवणी_खाजा | मंगळवार, सकाळी ९:१५

आमच्याकडे मालवणीत आज्याक पण तू. त्यामुळे पुण्याला शिकायला आल्यावर पहिलं वर्ष सगळे मला उद्धट समजले. स्पेन म्हणजे मालवण आणि बोगोता म्हणजे पुणे, असं काहीसं दिसतंय :)

---

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ११:३०

थोडी व्युत्पत्ती, कारण तिच्यामुळे व्याकरण सोपं होतं.

उस्तेद हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद' (आपली कृपा) घासून घासून झाला. वर अंदाजपंचे यांनी सांगितलेला सुमेर्से त्याचाच चुलतभाऊ. आता 'आपली कृपा' ही तिसरी व्यक्ती झाली की नाही? म्हणून उस्तेदबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. 'तू'ला एस्तास, आणि 'तो', 'ती' व 'उस्तेद' या तिघांना एस्ता. नवशिके इथे गोंधळतात, की समोरच्याशी बोलतोय तर 'तो कसा आहे?' का म्हणायचं? आपल्याला गोंधळायचं कारण नाही. "महाराजांनी आत यावं", "साहेब चहा घेणार का?" असं समोर बसलेल्या माणसालाच म्हणतो की आपण. आदर द्यायचा तर थेट बोट न दाखवता बाजूने बोलायचं, ही युक्ती दोन्हीकडे एकच.

'तू' सारखा आहे हा योगायोग नाही. लॅटिन 'तू' आणि संस्कृत 'त्वम्' एकाच घरातले. आणि ज्या 'बोस'चं नाव निघालं, तो लॅटिन 'वोस'. संस्कृतमधला 'वः' (तुम्हाला, तुमचे) त्याचा भाऊ. स्तोत्रांत 'पातु वः' म्हणतो आपण, त्यातला.

अवांतर: स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या आधी उलटं प्रश्नचिन्ह (¿) देतात, ते रिआल आकादेमिया एस्पान्योला या त्यांच्या भाषा-अकादमीने १७५४ च्या शुद्धलेखन नियमांत आणलं. कोमो एस्तास लिहिताना ते विसरू नका, परीक्षेत गुण जातात.

---

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ११:४१

म्हणजे देवाशी बोलताना उस्तेद?

---

अनुस्वार | मंगळवार, दुपारी १२:०२

नाही! तिथेही आपल्यासारखंच. त्यांच्या 'पाद्रे नुएस्त्रो' प्रार्थनेत देवाला सरळ तू. विठ्ठलाला कुठे कुणी अहो म्हणतं?

---

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी १:५०

मडगावहून. घरात आजी पोर्तुगीज बोलायची, त्यामुळे स्पॅनिश अर्धं कानावरून जाणं सोपं पडलं. 'बों दीया' आणि 'बुएनोस दीआस' बहिणी-बहिणी. फरक इतकाच की पोर्तुगीज एकाच दिवसाचं भलं चिंततो आणि स्पॅनिश अनेक दिवसांचं. हे अनेकवचन का, याचं एक स्पष्टीकरण असं देतात की मूळ वाक्य 'बुएनोस दीआस ओस दे दिओस' असं होतं, म्हणजे 'देव तुम्हाला चांगले दिवस देवो'. शेपूट गळालं, नमस्कार राहिला.

आता गंमत ऐका. गोव्यातले आमचे ख्रिस्ती शेजारी सकाळी कोंकणीत काय म्हणतात? "देव बरो दीस दिवूं." जवळजवळ तेच वाक्य, फक्त शेपूट न गळलेलं! आणि आभार मानताना "देव बरें करूं". कोलंबिया-एक्वादोरकडे आभाराला "दिओस से लो पागे" म्हणतात ना? देव त्याची फेड करो. त्यातला 'पागे' हा 'पागार', म्हणजे फेडणे, पैसे देणे. आपला 'पगार' पोर्तुगीजातल्या याच शब्दावरून आलाय. एक तारखेला आठवण ठेवा.

---

अंदाजपंचे | मंगळवार, दुपारी २:१०

'दिओस से लो पागे' घरमालकीणबाई रोज म्हणायच्या. पगाराचं लक्षातच आलं नव्हतं. वा!

---

गुळपोळी | मंगळवार, सायंकाळी ६:२५

मेक्सिकोतून. ग्वादालाहारा, आयटी, दोन वर्षं.

इथे तुम्हाला फोनवर पहिला धक्का बसेल. फोन उचलला की "बुएनो?" म्हणजे 'चांगलं?' मी पहिल्यांदा "सी, मुय बुएनो" असं उत्तर दिलं होतं. स्पेनमध्ये म्हणे 'दीगामे' म्हणतात, म्हणजे 'सांगा', तेही उस्तेदच्या रूपात. बाकी ठिकाणी 'आलो', अर्जेंटिनात 'ओला'.

कुणी हाक मारली किंवा ऐकू आलं नाही तर इथे 'के?' (काय?) म्हणणं उर्मट समजतात. 'मान्दे' म्हणायचं, म्हणजे 'आज्ञा करा'. लहान मुलांना घरी शिकवतात हे. दुसऱ्या देशातले लोक ऐकून हसतात की काय हा नोकरासारखा शब्द, पण मेक्सिकन माणसाला ते साधं सभ्य बोलणं वाटतं.

मित्रमंडळीत मात्र सगळं सोडून "के ओन्दा, ग्वेय?" शब्दशः 'काय लाट, बैला?' भाव मात्र "काय भावा, काय चाललंय?" हे ऑफिसात साहेबाला म्हणू नका. एक मराठी पोरगा म्हणाला होता, टीम लीड मोठ्याने हसला म्हणून वाचला.

आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'प्रोवेचो'. हॉटेलात तुम्ही जेवत असता, शेजारून जाणारा अनोळखी माणूस क्षणभर थांबून "प्रोवेचो" म्हणतो आणि पुढे जातो. अंगी लागो, अशा अर्थाचं. आता भारतात सुट्टीला आल्यावरही तोंडातून निघतं. गेल्या खेपेला खानावळीत एका काकांना म्हटलं, ते म्हणाले "काय पाहिजे?"

---

पेठ_ते_वालेन्सिया | मंगळवार, रात्री ९:४०

'के ओन्दा' स्पेनमध्ये चालत नाही, इथे "के पासा?", किंवा सर्वत्र चालणारं "के ताल?" हे 'के ताल' नवशिक्यांनी पक्कं करा. त्यात तू-उस्तेद काहीच नाही, कुणाचा अपमान होत नाही. उत्तर "बिएन, ग्रासियास". जुनेजाणते लोक "आकी, तिरान्दो" म्हणतात. म्हणजे आपलं "चाललंय, ढकलतोय."

'तू' ने इथे अपमानही करतात बरं का. १० नोव्हेंबर २००७, चिलीत सान्तियागोला इबेरो-अमेरिकन शिखर परिषद चालू होती. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष चावेझ स्पॅनिश पंतप्रधानांना बोलू देईनात. तेव्हा स्पेनचे राजे हुआन कार्लोस ताडकन म्हणाले, "पोर के नो ते कायास?" म्हणजे "तू गप्प का बसत नाहीस?" 'से काया' नाही, 'ते कायास'. एका राष्ट्राध्यक्षाला जगासमोर तू. लोकांनी ते मोबाइलची रिंगटोन करून लावलं.

---

खडीसाखर | मंगळवार, रात्री १०:०५

बापरे. म्हणजे 'तू' मैत्रीचाही आणि थोबाडीत मारायचाही. आमच्या गल्लीतही भांडण पेटलं की 'तुम्ही'चं 'तू' होतंच म्हणा.

आणि हो, 'बोस' कुणी सांगितलंच नाही. शिवाय निरोपाचं पण सांगा. क्लासमध्ये 'आदिओस' शिकवलंय.

---

तांगो_नव्हे_लावणी | बुधवार, पहाटे ५:३०

ब्वेनोस आयरेसमध्ये रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून लिहिते.

अर्जेंटिना, उरुग्वाय, पाराग्वाय इथे 'तू' जवळपास नाहीच, 'बोस' आहे. क्रियापदं थोडी वेगळी: तू एरेस ऐवजी बोस सोस, तू तिएनेस ऐवजी बोस तेनेस. पण नमस्कारात नशीब जोरावर, 'कोमो एस्तास' दोन्हीला सारखंच. "कोमो आन्दास?" म्हणालात तर लगेच आपल्यातले व्हाल. नाव सांगताना बाकी देशांत 'मे यामो', आम्ही 'मे शामो'.

गालाला गाल लावून एक मुका, हा इथला नमस्कार. पुरुष-पुरुषही. ऑफिसात आल्यावर प्रत्येकाला, वीस जण असले तर वीस वेळा. स्पेनमध्ये दोन असतात. मी दोनसाठी मान फिरवते आणि समोरचा एकावर थांबतो, की टक्कर. आधी हात पुढे करून एक सेकंद थांबा, समोरचा काय करतोय बघा, तसं करा.

बायकांनी आणखी एक लक्षात ठेवा. भेटून आनंद झाला हे पुरुषाने 'एन्कान्तादो', बाईने 'एन्कान्तादा' म्हणायचं. बोलणाऱ्याच्या लिंगावर. मी आलो, मी आले, तसं. विसरायला झालं तर 'मुचो गुस्तो', ते बदलत नाही.

आणि कुणी 'कसे आहात' विचारलं तर 'एस्तोय बिएन'. 'एस्तोय बुएनो' म्हणू नका! ते 'मी दिसायला एकदम कडक आहे' असं होतं. एका काकांनी दूतावासाच्या समारंभात म्हटलं होतं. काका साठीचे.

---

पेठ_ते_वालेन्सिया | बुधवार, दुपारी १२:१५

😂😂 काका!

निरोपाचं: आदिओस बरोबर आहे, 'देवाच्या हवाली' असा मूळ अर्थ. पण रोज ऐकू येतं ते 'आस्ता लुएगो'. शब्दशः 'नंतरपर्यंत', पण ज्या टोलवाल्याला परत जन्मात बघणार नाही त्यालाही म्हणतात. आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो ना, तेच. मित्रांना 'चाओ', 'नोस बेमोस'.

आणि एक उलटी गोष्ट. रस्त्याच्या पलीकडून ओळखीचा माणूस जाताना दिसला, थांबायला वेळ नाही, तर 'ओला' नाही, 'आदिओस!' म्हणतात. भेटायच्या आधीच निरोप. मला पहिल्यांदा वाटलं, हा माझ्यावर रागावलाय.

ईमेलला औपचारिक सुरुवात 'एस्तिमादो सेन्योर' आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, स्वल्पविराम नाही. सेन्योरनंतर आडनाव. पहिल्या नावाला मान द्यायचा तर आधी 'दोन', बाईंना 'दोन्या'. आपलं माधवराव, गंगूबाई. फक्त शेपटाऐवजी डोक्याला.

---

खडीसाखर | शुक्रवार, रात्री ९:५०

आज कॉल झाला. "बुएनोस दीआस, कोमो एस्ता, कोमो ले वा?" असं एका दमात म्हटलं. बाई खूश. मग धीर करून शेवटी म्हटलं, "ग्रासियास, सुमेर्से."

त्या दोन सेकंद गप्प. मग एवढ्या मोठ्याने हसल्या की कुत्रं भुंकायला लागलं. म्हणाल्या, त्यांची आजी बोयाकाची, घरी सगळे सुमेर्सेच म्हणायचे, ऑफिसात मात्र पंचवीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. कुठे शिकलीस, म्हणाल्या. म्हणजे 'शिकलात'.

@अंदाजपंचे, दिओस से लो पागे.

---

अंदाजपंचे | शुक्रवार, रात्री १०:२०

आ ला ओर्देन! (तिकडचे दुकानदार गिऱ्हाइकाला असंच म्हणतात, 'आपल्या सेवेला'. आभाराला उत्तर म्हणूनही चालतं.)

कुत्र्याचं नाव विचारा पुढच्या वेळी. आणि उस्तेदमध्येच विचारा.